पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे कॉलेजातल्या मुलांना समजावून देत आलो आहे. जमिनीत मुरणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण मुरते आहे एवढे जाणवत राहते. तशी एखाद्या व्यवहारात गोम असली की आपण असे म्हणतो, वगैरे वगैरे. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. या वाक्प्रचाराचा खरा अर्थ मात्र मला यंदाच्या पावसाळ्यात कळला, आणि तो कळायला दोन गुणांपेक्षा पुष्कळच जास्त किंमत पडली.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या घरातली मंडळी आता परिचयाची झाली आहेत. आमच्या मातोश्री, आमची सौ. आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असलेले आमचे चिरंजीव. पाचव्या सभासदाविषयी मी आजवर लिहिले नव्हते. तो सभासद म्हणजे आमची मोटार. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती २००५ साली निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली. गाडी कोणत्या कंपनीची, हे मी सांगणार नाही. कारण पुढे जी हकिगत यायची आहे तिच्यात दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. विसाव्या वर्षी कुठल्याही मोटारीचे रबर कडक होते, पत्रा हळवा होतो आणि सांधे कुरकुरू लागतात. मला अट्ठेचाळिसाव्या वर्षी यापेक्षा निराळे काही होते आहे, असे नाही.

नाना म्युनिसिपालिटीत ओव्हरसियर होते. उभा जन्म गटारे, मोऱ्या आणि पन्हळी यांच्या सहवासात गेलेला. २०१९ साली ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. तिच्याबरोबर डॅशबोर्डाच्या कप्प्यातली एक लांबट वहीही आली. त्या वहीकडे मी कधी ढुंकूनही पाहिले नाही. हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण या गोष्टीत अस्मादिकांची जी फजिती झाली तिची मुळे तिथेच आहेत.

यंदा, म्हणजे २०२५ साली, मुंबई-ठाण्याकडे पाऊस २६ मेलाच येऊन थडकला. एरवी तो जूनच्या अकरा तारखेच्या आसपास यायचा. छत्र्या माळ्यावर, कौलांची पाहणी राहिलेली, आणि हा पाहुणा दारात उभा! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सौ. माझ्या शेजारी, डाव्या बाजूला, गाडीत बसली आणि दोन्ही पाय चटकन वर घेऊन म्हणाली, “अहो, इथे डबकं आहे!”

पाहतो तो खरेच पायाखालची चटई पाण्यात तरंगत होती. आदल्या संध्याकाळी गाडी चिरंजीवांनी नेली होती. मला एवढा पुरावा पुरेसा वाटला.

“काच उघडी ठेवलीस ना?” मी विचारले.

“नाही बाबा. मी बंद केली होती.”

“मग पाणी काय आकाशातून पडलं?”

“पाऊस आकाशातूनच पडतो, बाबा,” असे म्हणून तो आंघोळीला निघून गेला. उत्तर बिनचूक होते, आणि म्हणूनच ते मला उद्धट वाटले.

आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी गाडीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली आणि माझ्या कपाटात ठेवली. तो काही बोलला नाही. पण या किल्लीवर घरातली आणखी एक गोष्ट अवलंबून होती. आईला दमा आहे. दर गुरुवारी नातू आजीला गाडीतून डॉक्टरांकडे नेई, आणि येताना दोघे कुठेतरी थांबून इडली खात. ही इडली डॉक्टरांच्या पथ्यात बसत होती की नव्हती, ते मी कधी विचारले नाही. किल्ली कपाटात गेल्यावर आजी रिक्षाने जाऊ लागली. रिक्षाचे पडदे म्हणजे पावसाला आमंत्रणच. एका गुरुवारी मीच तिला गाडीतून न्यायला निघालो, तर दार उघडताच ती मागे सरली. “नको रे बाबा. गाडीला बुरशीचा वास येतोय. आत बसले तर घरघर सुरू होईल.” डॉक्टरांनीही सांगितले की दमेकऱ्याला ओल आणि बुरशी फार वाईट, गाडी कोरडी होईपर्यंत यांना तिच्यात बसवू नका.

त्यात आणखी एक संकट येऊन ठाकले होते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि नोंदणी वाढवून घ्यायची. आमची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते. तळाचा पत्रा सडलेली गाडी कोण पास करणार? सौ. म्हणाली, “भंगारवाल्याला विचारून बघा तरी.” भंगारवाल्याने सांगितलेला आकडा मी आईला सांगितला नाही. सांगायचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे जास्त खरे होईल. नानांच्या सबंध फंडाची ती किंमत!

आता माझ्या उपायांची हकिगत सांगतो. पहिला उपाय म्हणजे सिलिकोनची नळी. हार्डवेअरच्या दुकानातून ती आणली आणि पुढच्या काचेच्या रबराभोवती, केकवर नक्षी काढावी तशी, वरून फिरवली. घरभर व्हिनेगरचा वास सुटला. पुढच्या पावसात डबके तितकेच. नंतर मला कळले की हे आंबूस वासाचे सिलिकोन सुकताना आम्ल सोडते आणि त्याने उघड्या पत्र्याला उलट गंज चढतो. शिवाय एकदा ते लागले की त्या जागी दुसरे काही धड चिकटत नाही. न्हाणीघराची वस्तू न्हाणीघरातच बरी.

दुसरा उपाय म्हणजे दुसरा आरोप. दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी आपल्या पैशाने पुढच्या दारांत स्पीकर बसवून घेतले होते. गॅरेजातल्या एका मिस्त्रीने मला सांगितले की दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. स्पीकरवाले तो फाडून ठेवतात आणि मग दारातले पाणी आत येते. झाले! काच नाही तर स्पीकर, पण गुन्हेगार तोच. जेवताना मी हे जाहीर केले. चिरंजीव पानावरून उठले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

तपास मार्गाला लागला तो एका म्हाताऱ्या कारागिराने लावला म्हणून. मोटारींच्या काचा आणि रबरे बसवण्याचे काम तो चाळीस वर्षे करतो आहे. सगळे त्याला चाचा म्हणतात. काचेचे रबर बदलून घ्यावे, म्हणून मी गाडी त्याच्याकडे नेली. रबराकडे पाहण्याआधी त्याने डबक्यात बोट बुडवले, दोन बोटांत पाणी चोळून पाहिले, वास घेतला आणि मला तीन प्रश्न विचारले.

“मास्तर, पाऊस नसताना, नुसता एसी लावल्यावर ओलं होतं का? पावसात गाडी चालवल्यावरच होतं, का उभ्या गाडीतसुद्धा होतं? आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं का?”

हे प्रश्न प्रत्येक मोटारवाल्याने पाठ करून ठेवावेत. गाडीतले सगळे पाणी पावसाचे नसते. एसीच्या आतल्या गार जाळीवर हवेतली वाफ जमून पाणी होते आणि ते एका बारीक नळीने गाडीखाली ठिबकते. ती नळी धुळीने तुंबली की तेच पाणी आत, बहुधा डाव्या बाजूला, सांडते. कोरड्या उकाड्याच्या दिवशी गाडी ओली झाली आणि एसी चालू असूनही गाडीखाली थेंब पडत नसले, तर पावसाला शिव्या देऊ नयेत, नळी साफ करावी. पाणी बोटाला चिकट लागले, रंगीत दिसले, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट धुके धरू लागले, तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट आहे आणि हीटर गळतो आहे. ते विषारी असते, चाखून बघू नये. पावसात उभी असलेली गाडी कोरडी राहते आणि चालवली की भिजते, असे असेल तर चाकांनी उडवलेले पाणी खालून येत आहे. तळाच्या आणि इंजिनाकडच्या पत्र्यातून वायरी व दांडे जातात त्या भोकांची रबरी बुचे पाहावीत. आणि उभ्या गाडीत पाणी साचत असेल, तर ते वरून येते आहे.

आमचे पाणी स्वच्छ होते, एसीची नळी नीट ठिबकत होती आणि गाडी उभ्या उभ्या भिजत होती. म्हणजे वरून.

“पण वरून म्हणजे कुठून?” मी विचारले.

“ते घरी बघा. आणि एक सांगतो, पाणी दिसतं तिथं शोधू नका. पाणी शिरतं एकीकडे, पत्र्याच्या आतून चालत जातं आणि बसतं दुसरीकडे. गाडी उतारावर असली तर पुढे, चढावर असली तर मागे. खालून वर या. घाई करू नका. आणि आत बघायला एक माणूस ठेवा, तुमच्यापेक्षा बारीक.”

हा शेवटचा भाग मला जड गेला. घरात माझ्यापेक्षा बारीक आणि डॅशबोर्डाखाली डोके घालून पडून राहील असा माणूस एकच होता. गणपती विसर्जन झाल्यावरच्या रविवारी पावसाने उघडीप दिली. मी त्याच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “जरा हात देतोस का?” तो म्हणाला, “चला.” एवढेच. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. तो इतक्या सहज उठला, याचेच मला वाईट वाटले.

प्रथम आम्ही पुढची दोन्ही आसने बोल्ट काढून बाहेर घेतली आणि गालिचा उचलला. गालिच्याखाली नमद्यासारखा जाड थर असतो. गालिचा वरून कोरडा वाटत होता, पण तो थर पिळला तेव्हा त्यातून बादलीभर पाणी निघाले. वरून पुसून, पंखा लावून, अगरबत्ती फिरवून गाडी का सुकत नव्हती, ते तेव्हा कळले. मग फडक्याने सारा पत्रा कोरडा केला. पाण्याची वाट दिसावी म्हणून मी खडूची पूड आणली होती. वीस वर्षे जी नाकातोंडात गेली तिचा प्रथमच काही उपयोग झाला. कोरड्या पत्र्यावर आणि काचेच्या कडेने आतून ती भुरभुरली की पाण्याचा थेंबही काळी रेघ ओढून आपला रस्ता दाखवतो.

मग चिरंजीव बॅटरी घेऊन आत आडवे झाले आणि मी बाहेर पाण्याचा पाइप धरला. पाइपाचे तोंड दाबून फवारा मारायचा नाही, नुसती सौम्य धार सोडायची. जोराचा फवारा, पाऊस जिथे कधी जाणार नाही तिथेही पाणी घुसवतो आणि आपल्याला भलतीच गळती सापडते. दुसरे म्हणजे सुरुवात खालून करायची. आधीच टपावर पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि मग कुठून आत गेले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे थांबायचे. ही पाच-दहा मिनिटे फार मोठी असतात, विशेषतः आतल्या माणसाशी तीन महिने आपण नीट बोललो नसू तेव्हा.

पहिली पाळी दाराखालच्या पट्टीची. कोरडी. मग आरोपी नंबर एक, म्हणजे स्पीकरवाले दार. इथे मला एक नवी गोष्ट कळली. मोटारीच्या दारात पाणी जाऊ नये अशी योजनाच नसते! काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते आणि खालच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडते. मागच्या प्लॅस्टिकच्या कागदाचे काम एवढेच की ते पाणी माणसाच्या बाजूला येऊ द्यायचे नाही. आम्ही दाराचा पुठ्ठा काढला. आत तो कागद होता, जसाच्या तसा, कडेने नीट चिकटवलेला.

“स्पीकरवाला फाडायला निघाला होता,” आतून आवाज आला. “मी त्याला थांबवलं. म्हटलं, कंपनीने लावलाय तो उगाच नाही लावलेला.”

मी काहीच बोललो नाही. दाराखालच्या दोन भोकांपैकी एक चिखलाने बुजले होते, ते तारेने मोकळे केले. तिथून कपभर गढूळ पाणी निघाले. पण आतला पत्रा कोरडा. मग दाराच्या बीडिंगची परीक्षा घेतली: वर्तमानपत्राची एक पट्टी मध्ये धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची. ओढताना अडखळली तर रबर धरते आहे, सुळकन आली तर तिथे फट आहे. आमची पट्टी सगळीकडे अडखळली. थोडक्यात, काच निर्दोष, स्पीकर निर्दोष, दार निर्दोष.

मग मी पाइप पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीवर धरला. या जाळीखाली गाडीच्या रुंदीभर एक पन्हळ असते. काचेवरचे सगळे पाणी तिच्यात पडते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डच्या आत, पुढच्या चाकांमागे जमिनीवर उतरते. आत वारा घेणारा पंखा याच पन्हळीतून बाहेरची हवा ओढतो. त्याच्या तोंडाला पाणी लागू नये म्हणून तिथे थोडा उंच काठ दिलेला असतो. उजव्या चाकामागून पाणी यायला लागले. डाव्या चाकामागे मात्र जमीन कोरडीच. एक मिनिट झाले, चार झाले, सात झाले.

“बाबा! आलं! आलं!”

मी धावत जाऊन पाहिले. कप्प्याच्या मागून, पंख्याच्या तोंडातून, पाण्याची चांगली करंगळीएवढी धार चिरंजीवांच्या छातीवर पडत होती, आणि ते हसत होते. तीन महिन्यांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते.

वायपर काढले, जाळीचे स्क्रू काढले, जाळी उचलली. खाली पन्हळ नव्हतीच. तिथे होता काळा चोथा, चहाच्या गाळासारखा, आणि त्यात दोन पानांचे पिंपळाचे एक रोप. हाताने उपसला तो अर्धी बादली भरला. डाव्या टोकाचे भोक तर दिसतच नव्हते. तारेने ते मोकळे केले मात्र, तुंबलेले पाणी भसकन चाकामागे कोसळले. हा चोथा होता गुलमोहराच्या पानांचा. गुलमोहराचे झाड मूळचे मादागास्करचे; त्याची पाने चिंचेपेक्षाही बारीक दलांची, आणि ती दले कुठल्याही जाळीतून सहज खाली उतरतात. आमच्या सोसायटीत गुलमोहर एकच आहे. गाडी त्याच्याखालीच लावायची, हा हट्ट कोणाचा? माझा. सौ. भिंतीकडेला लावा म्हणत होती, चिरंजीव तेच म्हणत होते. याच सदरात त्या गुलमोहराच्या सावलीवर मी एक अख्खा लेख लिहिला होता आणि वाचकांची तीन पत्रेही आली होती.

पण खरा तडाखा अजून बसायचा होता. कप्प्यातले सामान भिजले होते, ते आम्ही गच्चीवर उन्हात पसरले. त्यात नानांची ती लांबट वही होती. पाने एकमेकांना चिकटली होती. चिरंजीव ती हलक्या हाताने सोडवत होता. एकाएकी तो थांबला आणि काही न बोलता त्याने वही माझ्यापुढे धरली.

नानांचे ते ताठ, ओव्हरसियरी अक्षर. तेलबदल, हवा, पेट्रोल, किलोमीटर. आणि दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक ओळ: ‘जाळी काढून पन्हळ साफ. दोन्ही भोके मोकळी. पाणी ओतून पाहिले.’ २००६, २००७, २००८... शेवटची ओळ २०१८ ची. त्यापुढे पाने कोरी.

मी एम.ए.ला हस्तलिखितांवर प्रबंधिका लिहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाने समासात काय लिहून ठेवले आहे, ते भिंग लावून वाचले. आणि माझ्या बापाने माझ्यासाठी लिहून ठेवलेली एक ओळ सहा वर्षे माझ्या गुडघ्यांपासून दोन हातांवर पडून होती, ती मात्र माझ्याने वाचवली नाही. ती ओळ सापडली तीही ज्याच्यावर मी आळ घेतला त्याला.

तिथेच, गच्चीवर, मी त्याला म्हणालो, “माझं चुकलं. तू काच बंद केली होतीस.”

तो वहीवरची पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिच्यावर दगड ठेवत होता. म्हणाला, “तेव्हा सांगितलं होतं मी.” आणि थोड्या वेळाने, “आजीला पुढच्या गुरुवारी नेऊ का?” किल्ली मी लगेच आणून दिली. पण गाडी अजून कोरडी व्हायची होती.

इथेच गोष्ट संपली असती तर लेखाला बरे झाले असते, पण चाचाने बजावून ठेवले होते, “एक चोर सापडला म्हणजे घर निर्धास्त झालं असं समजू नका.” म्हणून पत्रा पुन्हा पुसून, खडू भुरभुरून आम्ही काचेवर पाणी सोडले. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात खडूवर एक बारीक काळी रेघ उतरली. तिथले रबर वीस वर्षांच्या उन्हाने आखडून कोपऱ्यातून सुटले होते. माझे सिलिकोन होते ते बरोबर वरच्या कडेला!

गाडी पुन्हा चाचाकडे गेली. माझी नक्षी खरवडण्यात त्याचा एक तास गेला, आणि त्या तासात तो जे बोलला ते इथे छापण्याजोगे नाही. पण नंतर त्याने जे केले ते पाहत राहावे असे होते. काच काढली, कडेच्या पत्र्यावरचा गंज घासून तिथे प्रायमर लावला, नवे रबर काचेभोवती चढवले आणि रबराच्या आतल्या खाचेत सभोवार एक दोरी बसवली. मग काच बाहेरून जागेवर टेकवली. मदतनिसाने बाहेरून तळव्याने दाबायचे आणि चाचाने आत बसून दोरीचे टोक हळूहळू ओढायचे. दोरी जशी निघत येई तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसत जाई. पाच मिनिटांत काच फ्रेममध्ये! अँबॅसिडरच्या आणि फियाटच्या काचा अशाच बसत. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली; त्यांच्याबरोबर ही दोरीची विद्याही दुर्मिळ होत चालली आहे. हल्लीच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. गाडीच्या बळकटीत त्या काचेचाही वाटा असतो, म्हणून ती घरी उचकटण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

राहिला तळाचा गंज. वरवरचा होता तो तारेच्या ब्रशने घासला, गंजरोधक लावले, प्रायमर दिला, रंग दिला. आसनाच्या बोल्टापासून वीतभर अंतरावर मात्र रुपयाएवढे भोक पडले होते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला. तिथला सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवला. त्याआधी बॅटरीची तार काढली होती आणि आतले सारे कापड व नमदा बाहेर घेतला होता, हे सांगायला नको. मिस्त्री म्हणाला, “आणखी एक पावसाळा गेला असता तर आसनाचा पायाच गेला असता.” गळतीची खरी किंमत डबक्यात दिसत नाही, ती गालिच्याखाली असते.

तो नमदा आमच्या दिवाणखान्यात पंख्याखाली आठ दिवस वाळत होता. आल्यागेल्याला सौ. सांगे, “यांचं संशोधन चाललंय.”

वाचकहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढे करा. मे महिन्यात, पावसाची वाट न पाहता, जाळीखालची पन्हळ आणि दारांची भोके साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागे उतरते का पाहा. डिकीत स्टेपनी उचलून खाली हात फिरवा. मागच्या दिव्यांच्या रबरातून आलेले पाणी तिथे गुपचूप बसून असते. गालिचा वरून चाचपू नका, उचलून पाहा. गळती बंद होण्याआधी सुगंधी वड्या आणू नका. आणि कारण सापडण्याआधी माणूस शोधू नका.

हा मजकूर संपादकांकडे पाठवायच्या गडबडीत मी आहे. घटस्थापना चार दिवसांवर आली आहे. दोन मोठे पाऊस होऊन गेले, गाडी आतून खडखडीत कोरडी आहे. आरटीओची तपासणी नोव्हेंबरात आहे. तिचा निकाल काय लागेल तो लागो. या गुरुवारी आईने दार उघडून आधी नाक आत घातले, वास घेतला आणि म्हणाली, “रंगाचा वास येतोय. चालेल.” मग पुढच्या आसनावर बसली, काच खाली केली आणि नातवाला म्हणाली, “चल. आणि येताना जरा थांबू.”

ते गेल्यावर मी नानांची वही उघडली. सुकून तिची पाने वेडीवाकडी झाली आहेत. २०१८ च्या ओळीखाली सहा कोऱ्या ओळी सोडून, चिरंजीवांच्या गिचमिड अक्षरात लिहिले होते: ‘सप्टेंबर २०२५. जाळी काढून पन्हळ साफ. पाने अर्धी बादली. दोन्ही भोके मोकळी. पाणी ओतून पाहिले.’

गाडी आता आम्ही भिंतीकडेला लावतो.